दोन दोरांची चूक

माझा भाऊ लेओन्सियो फळ्यावरचं गणित कधी घरून सोडवून नेत नसे. ही त्याची खोडच. बाकीचे मास्तर आदल्या दिवशी वहीत उत्तर काढून ठेवतात, हा बाबा मुलांच्या देखत पहिल्यांदा सोडवायचा. मी म्हणायची, अरे एवढा शिकलास, निदान उत्तर तरी माहीत करून जावं माणसानं. तर म्हणायचा, "अक्का, उत्तर आधी ठाऊक असलं की मी पोरांना ओढत तिकडं नेतो. नसलं की आम्ही सगळे मिळून जातो." वर्गात त्याची चूक जो धरेल त्याला उकडलेलं अंडं, असा नियम होता. अंडी माझ्या कोंबड्यांची. वर्षाला वीसेक तरी जायची, कारण साहेबांच्या चुकाही भरपूर असायच्या.

आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा आणि मी सतराची. बाप त्याआधीच गेलेला. कसं वाढवलं ते उगाळत बसत नाही, ज्यांनी बघायचं त्यांनी बघितलंय. आमच्या काल्यापाम्पा गावात माझ्या वाट्याला वरचं कुरण होतं आणि त्या कुरणात झरा होता. मे ते ऑक्टोबर आमच्या उंच पठारावर हिवाळा, सगळं गोठतं, गवत वाळून करकरतं, ओढ्यावर बर्फाची साय धरते. तो झरा मात्र कधी गोठला नाही. त्याच्या खालची दलदल भर थंडीत हिरवीगार. माझे बेचाळीस अल्पाका त्याच्यावर जगले, आणि त्यांच्या लोकरीवर लेओन्सियो पुनो शहराला जाऊन मास्तर होऊन आला. दोन वर्षं लोकरीनं भागलं नाही तेव्हा मी नर विकले. हे मी त्याला कधी ऐकवलं नव्हतं. म्हणजे त्या एका सकाळपर्यंत नव्हतं.

शाळा एकच, दोन गावांत मिळून. खाली आम्ही, वर उत्तरेला उमापाता. पोरं दोन्हीकडची एकाच बाकावर बसायची आणि एकाच पातेल्यातलं जेवायची. दुपारचं जेवण आया पाळीपाळीनं रांधायच्या, बुधवार माझा.

आता शिवेचं सांगते, कारण सगळं तिथूनच बिघडलं. आजोबांच्या वेळचा कागद आहे, दोन्ही गावांकडं एकेक प्रत. त्यात लिहिलंय की पश्चिमेच्या मोठ्या दगडापासून पूर्वेच्या मोठ्या दगडापर्यंत शीव सरळ रेषेत. दरसाल पावसाळा सरला की दोन्ही गावं शीव चालायची. ते एका टोकाकडून निघायचे, आम्ही दुसऱ्या. हातात चुन्याच्या बादल्या, खिशात चघळायला कोकाची पानं. वाटेत धाकटे दगड लागतील त्यांना चुना फासत जायचं आणि मध्ये भेटलं की बसून प्यायचं. आता, झऱ्याला आम्ही पाण्याचा डोळा म्हणतो. डोळ्यात चुना गेला तर डोळा जातो, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून चुन्याची बादली घेऊन झऱ्याजवळून कुणी जायचं नाही. वळसा घालायचा. खालच्या अंगाला दलदल, गुडघाभर पाय रुततो, म्हणून वळसा नेहमी वरच्या अंगानं. वळसा घालताना तिथल्या दगडांनाही चुना लागायचा. पन्नास-साठ वर्षं लागला. पांढऱ्या दगडांची ओळ झऱ्याच्या वरून गेली, झरा आमच्या बाजूला राहिला. त्यात कुणाची लबाडी नव्हती. उमापाताचे लोकही त्याच वळशानं चालायचे आणि त्यांनाही काही खटकलं नाही.

त्या वर्षी सरकारी माणसं जमिनी नोंदवायला येणार असं कळलं. त्यांचा रिवाज असा की दोन गावांनी शिवेच्या करारावर सह्या करायच्या, मग ते नकाशावर रेघ ओढणार, आणि ती एकदा ओढली की संपलं. लेओन्सियोच्या वर्गाला तेव्हा सरळ रेषेचं समीकरण चालू होतं. पोरं नेहमीसारखी कुरकुरत होती, याचा उपयोग काय म्हणून. ह्याच्या डोक्यात आलं की आपल्या शिवेचंच समीकरण काढू. झालं. पन्नास मीटरचा दोर घेतला, होकायंत्र घेतलं, आणि तीन आठवडे रोज दुपारनंतर वर्ग रानात. शाळेचा झेंड्याचा खांब म्हणजे शून्य. तिथून पूर्वेला किती दोर, उत्तरेला किती दोर, असं मोजत जायचं. दोन दोर झाले की वहीतला एक चौकोन.

मोजणी होती नोएमीकडं. उमापाताच्या अध्यक्षाची, अनास्तासियोची मुलगी, शेवटच्या वर्गातली. एक दोर ताणून झाला की मक्याचा एक दाणा उजव्या खिशातून डाव्या खिशात टाकायची. तोंडानं बोलायची नाही, कुणी हसवलं तरी हसायची नाही. लेओन्सियोचा तिच्यावर भारी जीव. डिसेंबरात तिला पुनोला मास्तरकीच्या प्रवेश परीक्षेला बसवायचं त्यानं ठरवलेलं. म्हणायचा, अक्का, ही माझ्याहून चांगली मास्तरीण होईल. मी म्हणायची, होऊ दे, तेवढीच माझी अंडी वाचतील.

नशीब बघा, तो फळ्यावरचा दिवस नेमका बुधवार निघाला. वर्गाच्या खिडकीखाली माझी चूल, किनोआचं सूप ढवळत मी सगळं ऐकत होते. समजत नव्हतं सगळं, पण तो इतकं उलगडून सांगायचा की थोडं समजायचंच. पश्चिमेचा दगड पूर्वेला दोन चौकोन, उत्तरेला तीन. पूर्वेचा दगड पूर्वेला दहा, उत्तरेला सात. म्हणजे आठ चौकोन पुढं जाताना रेष चार चौकोन चढते. दोन पावलं पुढं, एक पाऊल वर. चढ अर्धा. आता पहिल्या दगडापासून दोन चौकोन मागं या, म्हणजे खांबाच्या रेषेवर याल. किती उतराल? एक. तीनातून एक गेला, दोन. पोरांनी एका सुरात म्हटलं, उत्तरेचं अंतर म्हणजे पूर्वेच्या अंतराचं निम्मं, अधिक दोन. लेओन्सियो खूश होऊन हसला, ते खाली ऐकू आलं.

मग नोएमी म्हणाली, "सर, झराही मोजलाय. तो घालून बघू?"

हा म्हणाला, घाल की. झरा पूर्वेला सहा चौकोन होता. सहाचं निम्मं तीन, अधिक दोन, पाच. म्हणजे तिथं शीव पाच चौकोनांवर. आणि झरा मोजला होता पाच पूर्णांक चार दशांश. पोरीनं खडू खाली ठेवल्याचा आवाज झाला. "सर, झरा रेषेच्या वर आहे," ती म्हणाली. वर म्हणजे उत्तरेला. चाळीस मीटर, उमापाताच्या हद्दीत.

माझा हात थांबला आणि सूप तळाला लागलं. लेओन्सियो म्हणाला, पुन्हा करून बघू. पुन्हा केलं, तेच आलं. घरून सोडवून गेला असता तर हे गणित वर्गात घातलंच नसतं. पण नाही. मी वर बघत होते, आता फळा पुसेल, आता पुसेल. त्यानं पुसला नाही. पोरांनी वहीत उतरवून घेतलं, काल्यापाम्पाच्या पोरांनीही, उमापाताच्याही, आणि जेवायला खाली आली. करपलेलं सूप मी तसंच वाढलं.

तीन दिवसांनी अनास्तासियो लेकीची वही घेऊन आमच्या गावच्या बैठकीत आला. भांडला नाही. म्हणाला, कागदात सरळ रेष लिहिलीय, तुमच्याच मास्तरानं सरळ रेष काढलीय, सरकारी माणसासमोर त्यालाच विचारू, तो म्हणेल त्यावर मी सही करीन. तो गेल्यावर आमचा अध्यक्ष सेवेरो माझ्याकडं वळला आणि म्हणाला, बासिलिया, भाऊ तुझा आहे, झराही तुझाच आहे, बघ आता काय ते. बाकी सगळ्यांनी आपापल्या टोप्यांकडं बघितलं.

सह्यांच्या दिवशी सकाळी मी त्याच्या घरी गेले. तो दाढी करत होता. मी आडवळणानं बोलत नाही, मला जमत नाही ते. म्हटलं, "एक आकडा चुकव."

"कुठला, अक्का?"

"मला काय ठाऊक? मास्तर तू आहेस."

तो वस्तरा धूत राहिला. मग म्हणाला, पश्चिमेचा दगड तीनावर नसून चारावर आहे असं धरलं तर रेष झऱ्याच्या दहा मीटर वरून जाते. आणि लगेच स्वतःवरच चिडला. मास्तर ना, विचारलं की सांगून मोकळा. मी ते पकडलं. एक चौकोन म्हणजे दोन दोर, एवढं मलाही कळत होतं. म्हटलं, मग दोन दोर मोजायचे राहिले असं सांग. फळ्यावर तू रोज चुकतोस, सगळ्या जगाला माहीत आहे, आणखी एकदा चुकलास तर कुणाचं काय जातंय? तो म्हणाला, "दोर नोएमीनं मोजले होते."

तेव्हा मी ते बोलले. नर विकल्याचं. कुठला नर कुठल्या वर्षी गेला, त्याच्या बुटांचा कुठला, पुस्तकांचा कुठला, सगळं नाव घेऊन. म्हटलं, झरा गेला तर उरलेल्यांचं काय करू, तुझ्या फळ्यावर चरायला सोडू? बोलताना माझी मलाच लाज वाटत होती आणि तरी मी थांबले नाही. अर्ध्या चेहऱ्याला साबण तसाच, तो ऐकत होता.

बैठक शाळेच्या पटांगणात भरली. सरकारी माणूस गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून उभा, गारांचे ढग बघून घाईत. लेओन्सियोला पुढं बोलावलं. तो म्हणाला की समीकरण काढायची रीत बरोबर होती, पण मापात चूक झाली. पश्चिमेच्या दगडाच्या मोजणीत दोन दोर कमी धरले गेले. दगड तीनावर नाही, चारावर आहे. झरा शिवेच्या खाली येतो.

पोरांच्या घोळक्यातून नोएमी पुढं आली. म्हणाली, "सर, मी दाणे मोजले होते."

"दोन दाणे सुटले असतील," तो म्हणाला. तिच्याकडं न बघता म्हणाला.

उमापाताचे लोक कुजबुजले, कुणीतरी म्हणालं पुन्हा मोजू. अनास्तासियोनं हात वर करून त्यांना गप्प केलं. माझी तिन्ही लेकरं या माणसाच्या हाताखाली शिकली, म्हणाला, त्याच्या शब्दावर शंका घ्यायची मला लाज वाटते. आणि त्यानं सही केली. मग लेकीकडं वळून चारचौघांत तिला म्हणाला, एवढं साधं काम दिलं होतं. पोरगी मान खाली घालून उभी राहिली. आमच्या लोकांनी त्या दिवशी माझ्या घरी येऊन मला मिठ्या मारल्या, मी चुन्यो, म्हणजे थंडीत गोठवून वाळवलेले बटाटे, घालून मटण केलं. लेओन्सियो आला नाही. मी म्हटलं येईल, राग उतरला की येईल.

राग वगैरे काही नव्हता. तो वर्गात जायचा, शिकवायचा, पण आता घरून सोडवून जायला लागला. चूक होईना, अंडी उरायला लागली. मी अंडी पाठवली तर परत पाठवायचा. मला म्हणावंसं वाटायचं, अरे आता तरी हो पहिल्यासारखा, झालं गेलं. माझे अल्पाका दलदलीत पोटभर चरत होते आणि मला जेवण जात नव्हतं, हे खरं सांगते.

पाचव्या आठवड्यात, माझाच बुधवार होता, नोएमी जेवणाची थाळी न घेता त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. हातात तो दोर, गुंडाळलेला, चिखलानं काळा झालेला. चूल आणि त्याचं बाक यांत चार पावलांचं अंतर, मी डाव हातात धरून होते. ती म्हणाली की रविवारी ती एकटी पश्चिमेच्या दगडाकडं गेली होती. दोराचं एक टोक दगडाखाली दाबायचं, दुसरं ताणायचं, परत यायचं, पुन्हा दाबायचं. सगळं उत्तरेचं अंतर तिनं असं मोजलं होतं.

"चार वेळा मोजलं, सर. चारही वेळा सहाच दोर आले. तुम्ही आठ म्हणालात." तिचा आवाज भांडणाचा नव्हता, तेच तर वाईट होतं. "मला बघून सांगा ना मी कुठं चुकते. मला आता काहीच मोजता येत नाही. घरात मेंढ्या मोजते तरी दोनदा मोजते. पुनोच्या परीक्षेला मी नाही येत, सर. वडिलांना सांगितलंय."

तिला तो खोटं बोलला असेल असं वाटलंच नव्हतं. शंका आली होती ती तिची तिलाच. मी कितीतरी लबाड माणसं पाहिली आहेत, पण आपल्या खोट्यावर कुणी इतका विश्वास ठेवलेला मी कधी पाहिला नव्हता.

लेओन्सियोनं चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. चार वर्षांचा असताना काही हवं असलं की बघायचा, तसं नव्हे. विचारत होता. मी नुसती मान आडवी हलवली असती तर तो थांबला असता. तिला काहीतरी सांगून वाटेला लावलं असतं त्यानं. हे मला पक्कं ठाऊक आहे, त्याला मी वाढवलंय. झरा माझ्या मानेवर होता त्या क्षणी. मी मान हलवली नाही. होकाराचीही नाही. पातेल्यात डाव घातला आणि ढवळत राहिले, ढवळायला काही उरलं नव्हतं तरी.

तो उठला. म्हणाला, "तू चुकली नाहीस, नोएमी. सहाच आहेत. मी खोटं बोललो." सगळी पोरं ऐकत होती. मग तिच्या हातातला दोर घेतला आणि तिच्याबरोबर वर उमापाताला निघून गेला, थाळी अर्धी तशीच.

पुढचं लवकर सांगते, त्यात रस घेण्यासारखं काही नाही. नकाशा अजून पुनोहून पक्का होऊन आला नव्हता. सह्या रद्द झाल्या, नव्या झाल्या, रेष सरळ ओढली गेली. आमच्या गावानं लेओन्सियोचं नाव गावकीतून काढून टाकलं. शाळा सरकारची म्हणून नोकरी राहिली, पण रस्त्यात त्याला कुणी ओळख देत नाही. सेवेरोनं त्याच्या दारावर काय लिहून ठेवलं होतं ते मी तोंडानं सांगणार नाही, मी ते घासून काढलं. अनास्तासियोनं झऱ्याभोवती तारेचं कुंपण घातलं. त्याच्या जागी मी असते तर मीही घातलं असतं. नोएमी डिसेंबरात पुनोला गेली. तिचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही, माझ्यात तेवढा चांगुलपणा नाही.

बेचाळीसातले अकरा उरले. पहिल्याच थंडीत पिल्लं गेली, मग म्हाताऱ्या माद्या. बाकीचे विकले, मरण्याआधी. अकरांना मी रोज खालच्या ओढ्यावर नेते, जायला दोन तास, यायला त्याहून जास्त, आणि येताना पाठीवर घरासाठी पाण्याचा कॅन. सप्टेंबरात बर्फ फोडून पाणी काढावं लागतं तेव्हा मी लेओन्सियोला शिव्या देते, मोठ्यानं, रानात ऐकायला कुणी नसतं. मग त्या बुधवारी मान का हलवली नाही म्हणून स्वतःला देते. दरवर्षी ठरवते की पुन्हा तो दिवस आला तर हलवीन. आणि ठरवून झालं की ती पोरगी दोर घेऊन समोर उभी राहते.

लोक विचारतात, अजून त्याला जेवू घालतेस? घालते. रविवारी येतो. आम्ही शिवेचं काही बोलत नाही, जनावरांचंही नाही. मी वाढते, तो जेवतो, बटाटे चांगले झालेत म्हणतो. पाण्याचा पेला भरून ठेवला तर अर्धाच पितो. उरलेलं अर्धं उठून परत कॅनमध्ये ओततो, एक थेंब सांडू न देता, आणि झाकण घट्ट लावतो.